एक मेची दिवाळी

आक्का,

आपल्या घराला वर्षातले सहा महिने कुलूप असायचं. दसरा झाला की ऊसतोडीसाठी मुकादमाचा ट्रॅक्टर दारात यायचा. पत्र्याची पेटी, गोधड्या, चार भांडी आणि आपण सगळे ट्रॉलीत. पुढचा मुक्काम कारखान्याच्या पट्ट्यात, पाचटाच्या खोपटात, कोपीत. दिवाळी तिथंच यायची आणि तिथंच संपायची. कोपीत पणती लावायची नाही, हा आईचा सक्त नियम होता. वाळकं पाचट ते, एक ठिणगी पडली तर कोप्यांची रांगच्या रांग गेली असती. लांबच्या गावात फटाके वाजले की आज पाडवा असेल, असं आपण ठरवायचो. त्या दिवशीही आई-अण्णा फडातच असायचे.

मी सहा वर्षांची झाले आणि शाळेचा प्रश्न आला. चुलती गावात राहायची. ती म्हणाली, एका पोरीला सांभाळीन, दोघी माझ्याच्यानं व्हायच्या नाहीत. तू तेव्हा चौथी पास झाली होतीस, वर्गात पहिली. अण्णा म्हणाले, मोठीला ठेवू, तिचं डोकं चालतं. आई म्हणाली, धाकटी फडात काय कामाची, उलट तिच्यामागं एक माणूस लागेल. तू चुलीपाशी भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "हिला ठेवा. मी येते." आणि तव्यावरची भाकरी उलटलीस. मी तिथंच बसले होते. मला एवढंच कळलं की आता मला ट्रॉलीत बसायला मिळणार नाही, म्हणून मी भोकाड पसरलं. समजूत काढायलाही तूच आलीस.

तू मार्चमध्ये गेलीस. कशी गेलीस, काय झालं, ते मी इथं लिहिणार नाही. ज्यांनी विचारलं त्यांना सांगून झालंय, आणि तुला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मला सांगायचंय ते त्यानंतरचं. यंदाच्या एक मेला तुझ्या घरात तुझ्या आरतीचं लग्न ठरत होतं, आणि ते तुझ्या नावावर ठरत होतं. मी तिथं जाऊन जे केलं ते तुला चाललं असतं की नाही, हे मला माहीत नाही. म्हणून सगळं सांगते. आधी जुनं.

तुम्ही एप्रिलमध्ये परत यायचात. कुलूप उघडलं की आत उंदरांनी मांडलेला संसार, जाळी, भिंतीचे पोपडे. मी पहिलीत होते त्या वर्षी तू हे सगळं झाडून काढलंस, दर्शनी भिंतीला चुना लावलास, ओटा सारवलास आणि जाहीर केलंस की आपली दिवाळी एक मेला. का, तर त्या दिवशी शाळेत झेंडा असतो, सगळे घरी असतात आणि रंजीचा, म्हणजे माझा, निकाल असतो. अण्णा हसले. चुलती भिंतीवरून डोकावून म्हणाली, "काय गं, उटनं घामातच कालवनार का औंदा?" तू म्हणालीस, "व्हय काकू, पानी तरी वाचंल." आणि कामट्या सोलायला बसलीस.

कामट्यांचा आकाशकंदील, त्याला पतंगाचा कागद. मे महिन्यातला आकाशकंदील अख्ख्या खर्डा पट्ट्यात फक्त आपल्या दारात असायचा. दुपारी वावटळ उठली की कागद फाटायचा आणि तू भाताची खळ घेऊन पुन्हा चिकटवायचीस.

आणि ते टेबल. शाळेनं मोडीत काढलेलं, तीन पायांचं. तू ते गुरुजींकडून मागून डोक्यावर घेऊन आलीस. अण्णांनी बाभळीचा चौथा पाय ठोकला, तो नेमका बोटभर आखूड निघाला. त्याखाली खापरीचा तुकडा. घरात टेबलाशी बसून जेवणारं कुणी नव्हतं, आपण सगळे खाली पाटावर. टेबल फक्त मांडायला. त्याच्यावर आईचं धुतलेलं लुगडं घडी घालून अंथरायचीस. एका बाजूला गुलमोहर, एका बाजूला कडुलिंबाचा पाला, आणि मधे पांढरं काय ठेवायचं यावर तुझं दोन दिवस डोकं चाललेलं. उन्हाळ्यात आपल्याकडं पांढरं फूल कुठलं? मग तू मधे मुरमुऱ्यांचा पट्टा ओढलास. केशरी, पांढरं, हिरवं. मी शाळेतून कागदी झेंडा आणि निकाल घेऊन आले आणि पहिली मूठ पांढऱ्यात घातली. तू माझ्या हातावर चापट मारलीस आणि मग स्वतःही एक मूठ उचललीस.

दारात रांगोळी म्हणजे महाराष्ट्राचा नकाशा. चौथीच्या भूगोलात महाराष्ट्र असतो, तेवढाच तुला पाठ होता. कोकणाची बाजू तू एका दमात ओढायचीस, विदर्भाकडं जाताना हात जरा अडखळायचा. जिथं जिथं तू ऊस तोडायला गेलीस तिथं कुंकवाची टिकली द्यायचीस. दर वर्षी टिकल्या वाढत. मला म्हणायचीस, बघ, तू पुस्तकात वाचतीस, मी पाय लावून आले. त्यात अभिमान होता की टोमणा, मी कधी विचारलं नाही.

मग निकालपत्र टेबलाच्या मधोमध, तांब्याला टेकवून उभं. तू मला प्रत्येक विषयाचे गुण मोठ्यानं वाचायला लावायचीस. गणित वाचताना आवाज बारीक झाला की म्हणायचीस, परत वाच. अण्णा, आई, चुलती, तिची पोरं, सगळे ऐकायला बसलेले. शंकरपाळ्यांचा डबा तोवर उघडायचा नाही. माझ्या शिक्षणाची एवढी कडक तपासणी पुढं कॉलेजातही कुणी केली नाही.

आता मी आठवीत होते ते वर्ष. हे तुला कधी बोलले नाही, म्हणून लिहिताना जड जातंय. शाळेतल्या बाईंची मुलगी, माझ्याच वर्गातली, निकालाच्या दिवशी माझ्याबरोबर घरी आली. तिनं कंदील पाहिला आणि हसत सुटली. म्हणाली, तुमच्याकडं कॅलेंडर नाही का? ती गेल्यावर मी स्टुलावर चढून कंदील काढला आणि दोन्ही हातांनी मोडला. कामट्या मोडायला वेळ लागतो, मी पूर्ण मोडला. तू ओट्यावर उभी राहून बघत होतीस. मी म्हणाले, "गावात हसं होतंय आपलं. दिवाळी लोक दिवाळीलाच करतात." तू कामट्या गोळा केल्यास आणि चुलीत घातल्यास. महिन्याभरात तुझं लग्न झालं. नवराबायकोच्या जोडीचा एक कोयता होतो आणि मुकादम कोयत्यावरच उचल देतो, म्हणून आपल्याकडं लग्नं लवकर होतात, हे मला माहीत होतं. पण मला बरीच वर्षं वाटत राहिलं की मी कंदील मोडला नसता तर तू अजून एक उन्हाळा घरी राहिली असतीस. त्याला अर्थ नाही, मला कळतं. तरी वाटतं.

तू मात्र तुझं सोडलं नाहीस. सासरी गेलीस, तिथंही तेच. कर्जतजवळचं ते घर, तुझ्या सासूबाईंची कुरकूर, दाजींचा अबोला, आणि एक मेला दारात कंदील. आरती शाळेत जायला लागल्यावर टेबलही आलं, यावेळी चारी पाय सारखे. आरतीला गावात आजीपाशी ठेवलंस आणि तू नि दाजी फडात जात राहिलात. मी बी.ए. झाले, आपल्या घरातली पहिली. परीक्षा देऊन कर्जतला कचेरीत कारकून लागले. त्यानंतर दर एक मेला कचेरीतलं झेंडावंदन उरकून त्याच पांढऱ्या साडीत मी तुझ्याकडं यायचे. आरतीचे गुण वाचले जायचे तेव्हा मला शेजारी बसवायचीस. तिचा आवाज बारीक झाला की आपण दोघी एकदम म्हणायचो, परत वाच.

संक्रांतीच्या सुमाराला तुझा फडातून फोन आला. मागं बैलांच्या घंटा ऐकू येत होत्या. म्हणालीस, आरतीला एक स्थळ सांगून आलंय, पोरगा रांजणगावला कंपनीत आहे, पोरगी उन्हात जाणार न्हाई. मी चिडले. मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "तुझी पोरगी बारावीला बसतीय आणि तू स्थळं बघतीयस? मग मला कशाला शिकवलंस?"

तू म्हणालीस, "तुला शिकवलं, ते बघितलं मी. शिकून तू घरी येतीस एक दिवस. तेबी झेंडा झाल्यावर."

मी म्हणाले, म्हणजे काय? तू म्हणालीस, "परीक्षा हुंदे तिची. मंग बोलू." आणि ट्रक भरायचाय म्हणून फोन ठेवलास.

परीक्षा झाली. आपण बोललो नाही.

तेराव्याच्या जेवणाच्या पंगतीतच विषय निघाला, आक्का. घरात माणूस गेलं तर लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. तुला हा नियम माहीत आहे, आपण त्यातच वाढलो. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, पोरगी अठरा पूर्ण झालीय, स्थळ तयार आहे, आणि तिच्या आईचीच इच्छा होती. हे शेवटचं वाक्य त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी बसलं. आईची इच्छा. मी काही बोलायला गेले की लोक माझ्याकडं अशा नजरेनं बघायचे की जणू मी तुझ्या प्रेताला आडवी येतेय. आणि खरं सांगू, मलाही खात्री नव्हती. कदाचित ती तुझीच इच्छा असेल.

एप्रिलच्या शेवटी आरतीचा फोन आला. ती हळू बोलत होती.

"मावशे, एक तारखेला पावनं येनारेत. कंपनीला सुट्टी असती म्हनून."

मी विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?"

"मला कॉलेजला जायचंय. पन आईचं नाव घेतात, मंग माझं तोंड उघडत न्हाई."

यंदा झेंडावंदनाला मी उभी होते, पण राष्ट्रगीत कधी सुरू झालं आणि कधी संपलं, मला सांगता येणार नाही. साहेबांनी पेढा दिला तो हातातच राहिला. स्कूटीवर निघाले. वाटेत एका शाळेच्या कुंपणाशी गुलमोहर लाल झालेला दिसला. मी गाडी थांबवली. काय करणार आहे हे मला तेव्हाही माहीत नव्हतं. दोन फांद्या तोडल्या आणि डिकीत कोंबल्या.

तुझ्या दाराला काही नव्हतं. तोरण नाही, रांगोळी नाही, कंदील नाही. दुखवटा आहे, बरोबरच आहे. पण आत गेले आणि टेबल पाहिलं. त्यावर नवं झुळझुळीत प्लास्टिक, प्लास्टिकची फुलं, पोह्यांच्या बशा, सरबताचे पेले. कपाटावर तुझा हार घातलेला फोटो असायचा, तिथं मोकळी जागा. मी आरतीकडं बघितलं. तिनं डोळ्यांनीच आतली खोली दाखवली. तुला आतल्या खोलीत, धान्याच्या कोठीमागं, तोंड भिंतीकडं करून ठेवलं होतं. शुभ कामाला आलेल्यांना हार घातलेला फोटो दिसू नये म्हणून.

मी रडले नाही. मला राग आला, आणि रागात माझे हात नीट चालतात, हे तुला माहीत आहे. फोटो बाहेर आणला, पदरानं पुसला. टेबलावरचं सगळं ओट्यावर ठेवलं. आरतीला म्हणाले, तुझ्या आईचं लुगडं दे. तिनं पेटीतून काढून दिलं. गुलमोहर एका बाजूला. लिंबाचा पाला परसात होता. मुरमुरे डब्यात. आरती माझ्याशेजारी येऊन उभी राहिली आणि न सांगता मुरमुऱ्यांचा पट्टा ओढायला लागली. बारावीचा निकाल अजून लागायचा होता, म्हणून तिनं दहावीची गुणपत्रिका आणली. मधे तू आणि तुला टेकवून ती.

सासूबाई न्हाणीतून आल्या आणि दारातच थबकल्या.

"रंजे, हे काय मांडलंस? घरात दुखवटा हाय."

"दुखवटा आहे ना आत्याबाई? मग पाहुणे कसले?"

"वरसाच्या आत केलेलं चालतं. तुला शिकून एवढंबी कळंना व्हय?"

"केलेलं चालतं. पण जी गेली तिला कोठीमागं घालून केलेलं चालतं का, ते सांगा."

त्या खाली बसल्या. मोठ्यानं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, तू नोकरीवाली, तू उद्या कचेरीत जाशील, या पोरीची आई नाही, बाप सहा महिने फडात, मी कुठवर पुरणार? आक्का, हे त्या खोटं बोलत नव्हत्या. तेवढ्यात जीप दारात थांबली.

मुलगा, त्याची आई आणि त्याचा मामा. मामा गडी बोलका होता. आत आला, टेबल बघितलं आणि खूश झाला. "वा, आमच्यासाठी एवढं सजवलंय," म्हणत बसला आणि गप्पा मारता मारता त्यानं पांढऱ्या पट्ट्यात हात घालून मुरमुऱ्यांची मूठ तोंडात टाकली. आरतीनं माझ्याकडं बघितलं आणि तिला हसू फुटलं. मार्चनंतर मी तिचं हसू पहिल्यांदा ऐकलं. मामाला वाटलं पोरगी त्याच्यावर खूश झाली. त्यानं आणखी एक मूठ घेतली.

मुलाच्या आईचं लक्ष मात्र फोटोकडं गेलं होतं. तिनं विचारलं, हे कशाचं मांडलंय? सासूबाई दुसरीकडं बघत होत्या. मी तोंड उघडणार, तर आरती बोलली. उभी राहून, हात पदरात गुंडाळलेले.

"माझी आई एक मेला मांडायची. तिची दिवाळी फडात जायची म्हनून. मधे माझा निकाल ठिवायची. मला वाचायला लावायची."

मुलाची आई म्हणाली, मग वाच की. बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल. आरतीनं गुणपत्रिका उचलली आणि वाचायला लागली. मराठी, हिंदी, इंग्रजी. गणिताला तिचा आवाज बारीक झाला.

"परत वाच," दाजी म्हणाले.

ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. ते आत कधी आले, कुणी पाहिलं नव्हतं. अठरा-एकोणीस वर्षं तुझ्याबरोबर एका कोयत्यात काम केलेला माणूस, आणि मी त्याच्या तोंडून सलग दहा वाक्यं ऐकली नसतील. आरतीनं गणित परत वाचलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मी त्यांना सगळ्यांसमोर विचारलं. ती मुलाच्या आईसमोर विचारायची गोष्ट नव्हती, पण मागाहून विचारून उपयोग नव्हता.

"दाजी, खरं सांगा. आक्का म्हणाली होती का, या उन्हाळ्यात लग्न करायचं म्हणून?"

ते हो म्हणाले असते, तर मी पदर खोचून पोह्यांच्या बशा आत आणल्या असत्या. मी स्वतःला तसं बजावूनच विचारलं होतं.

"ती म्हनली, पोरीची परीक्षा हुंदे, मंग बोलू," दाजी म्हणाले. "तेवढंच म्हनली. पुढचं राहिलं."

जे तू मला म्हणालीस तेच त्यांनाही म्हणाली होतीस. त्यापुढचं कुणाकडंच नव्हतं. इतके दिवस आईची इच्छा म्हणून जे घरभर फिरत होतं, ते एवढंच होतं.

मामा म्हणाला, झालं गेलं, आता पोरगा-पोरगी एकमेकांना बघू द्या, वर्षाच्या आत उरकायचं तर महिनाच हातात आहे, पुढं चातुर्मासात तिथी नाहीत आणि दसरा झाला की तुम्ही फडात. सासूबाई म्हणाल्या, व्हय, न्हाईतर तीन वरसं खोळंबा.

दाजी म्हणाले, "मंग खोळंबा."

सासूबाई म्हणाल्या, काय?

"वरसाच्या आत न्हाई करायचं. मला न्हाई जमनार." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तीन वरसं लागत्यात म्हनता ना तुमीच? लागू द्या. तीन वरसं या घरात लग्नाचं नाव काढायचं न्हाई. रीत हाय ती."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. मी कायदा वाचलाय, कचेरीत रोज कागद हाताळते, रात्रंदिवस डोकं लावत होते की या म्हाताऱ्या नियमाला कसं तोडायचं. आणि दाजींनी तो तोडला नाही. त्यांनी तो पाळला. सासूबाईंना त्याला नाही म्हणता येईना, कारण नियम त्यांनीच पंगतीत सांगितला होता.

मुलाच्या आईनं विचारलं, तीन वर्षं आम्ही कसे थांबणार? दाजींनी हात जोडले. म्हणाले, तुमी थांबू नका, तुमाला चांगली पोरगी मिळंल. ती बाई समजूतदार होती. निघताना तुझ्या फोटोपुढं उभी राहिली, नमस्कार केला आणि आरतीच्या पाठीवरून हात फिरवला. मुलगा सबंध वेळ मोबाईल उलटासुलटा करत बसला होता, त्याला सुटल्यासारखं झालं असावं. मामानं जाताजाता पोह्यांची चौकशी केली. आरतीनं त्याला बशी दिली.

ते गेल्यावर सासूबाई चुलीपाशी जाऊन बसल्या. मला म्हणाल्या, तू माझ्या घरात येऊन माझं मोडलंस. अजून त्या माझ्याशी बोलत नाहीत. गेल्या आठवड्यात गेले तेव्हा चहा दिला, पण आरतीच्या हातून. मी त्यांना चुकीचं म्हणणार नाही. फड सुरू झाल्यावर दाजी आता कुणाबरोबर कोयता करणार, घरात दोन बायकांनी सहा महिने कसे काढायचे, हे प्रश्न त्यांच्याच अंगावर आहेत. मी म्हणाले, आरती माझ्याकडं कर्जतला राहील. तर त्या म्हणाल्या, म्हंजी मी एकटी. शनिवार-रविवार आरती गावी जाईल, एवढं ठरलंय.

तू फोनवर म्हणालीस, शिकून तू घरी येतीस एक दिवस. ते माझ्या मनातून जात नाही. तू तक्रार करत होतीस की माझ्याकडं बघून घाबरली होतीस, की शिकलेली पोर अशीच लांब जाते आणि आपली आरतीही जाईल? मला वाटायचं तू माझ्यावर खूश आहेस. मी नोकरीला लागले तेव्हा तू गावभर सांगितलंस. पण खुशीच्या खाली तुझं काहीतरी वेगळंही होतं, आणि मी ते कधी नीट ऐकलं नाही, कारण मला नेहमी परत निघायची घाई असायची. कंदिलाचं मी माफी न मागता सोडलं, तसंच हेही. आज मागते. दोन्हींची.

आणि तुझं ऋण मानायला मला लाज वाटत नाही. मी माझ्या अकलेनं शिकले, असं लोकांसमोर सांगते. खरंही आहे, अक्कल होती. पण तुला माझ्याहून जास्त होती. चौथीत तू पहिली होतीस, मी कधीच पहिली आले नाही. हे आपल्या घरात फक्त तुला आणि मला माहीत होतं. आता मी हे लिहून ठेवलं.

तू अजून असतीस तर आपण परीक्षेनंतर बोललो असतो. कडाक्याचं भांडण झालं असतं. तू कदाचित जिंकली असतीस आणि आरती आज रांजणगावला असती. किंवा तू मला झुलवत ठेवून शेवटी तेच केलं असतंस जे दाजींनी केलं. मी दोन्ही बाजूंनी विचार करते आणि दोन्हीकडं तुझाच आवाज येतो.

निकाल लागला. आरती बारावी पास झाली, पहिल्या वर्गात. काल सकाळी तिनं कर्जतच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. अर्जावर पालक म्हणून दाजींनी सही केली. तुझ्या घरातून कॉलेजात गेलेली ती पहिली.

तुझी
रंजी